तेवीस पावलं आणि फुकटची पावडर

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत बरोबर तेवीस पावलं पडतात. भाईंदर पश्चिमेला तेव्हा नव्या सोसायट्यांचं साधारण असंच असायचं. बिल्डर इमारत उभी करून गेला, पण इमारतीपर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न त्याने आमच्या बुद्धीवर सोडला. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं. त्र्याण्णवच्या ऑगस्टात तळमजल्यावरच्या हंसाबेन दुधाची पिशवी घेऊन येताना अकराव्या पावलाला घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दूध मात्र सांडलं नाही, हे त्या मनगटाआधी सांगतात.

प्लास्टर निघालं तरी हात पूर्वीसारखा वळेना. हंसाबेन म्हणजे आख्ख्या इमारतीला पापड पुरवणारी बाई. आता त्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "संभालके भाई, संभालके" एवढंच म्हणायच्या. रोज सकाळी ऑफिसला जाताना ते 'संभालके' ऐकून मला उगाच आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

वाटायचं कारण, मी काँक्रीटमधला माणूस. मुंबईतल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात ठेवायचे आणि ते किती भाराला फुटतात ते पाहायचं, हे मी बावीस वर्षं करत होतो. जग बांधतं, मी फोडतो. सोसायटीत कुणाचं काम असलं की मला 'इंजिनियरसाहेब' म्हणतात आणि भांडण झालं की 'कॉलेजातला शिपाई' म्हणतात. मी दोन्ही नाही, त्यामुळे दोन्ही वेळा मला वाईट वाटतं.

त्या वर्षी आमच्या सरांचा एक प्रयोग चालला होता. संगमरवर कापताना जी पांढरी राड निघते ती वाळवायची, चाळायची, आणि सिमेंटच्या दहा भागांतला एक भाग काढून त्या जागी ती पावडर घालायची. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, तेवढे झाल्यावर ते ठोकळे मी यंत्रात घातले. यंत्राचा काटा वर वर गेला, मी मनात राम म्हटलं, तरी ठोकळा फुटेना. शेवटी फुटला तो नेहमीच्या ठोकळ्यापेक्षा थोडा उशिराच. सर 'हं' म्हणाले आणि चहाला गेले. मी मात्र तिथेच उभा राहून मनातल्या मनात तेवीस पावलं मोजली.

आता ही पावडर आमच्या दाराशीच होती म्हणा ना. हायवेला काशीमिऱ्याच्या बाजूला संगमरवर कापणाऱ्यांच्या शेडी होत्या आणि शेडींच्या मागे पांढरे ढीग. एका रविवारी मी तिथे गेलो. शेडचे मालक नाथाजी, मूळचे राजस्थानचे. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, भुवयांवरही पांढरी भुकटी. मी वही-पेन घेऊन गेलो होतो, ही माझी पहिली चूक. वही पाहताच ते उठून उभे राहिले.

"साहब, हम तो खाडी में कुछ नहीं डालते."

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी सांगितलं, मी कुठल्याच खात्याचा नाही, मला फक्त ती पावडर हवी आहे. आठ पोती. नाथाजींनी मला खालून वर पाहिलं. माझ्या मागे कुणी आहे का तेही पाहिलं.

"पावडर क्यूं चाहिए?"

"रस्ता करायचाय. सोसायटीत."

"पावडर का रस्ता?" त्यांनी भुवयांवरची भुकटी झटकली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहब, सच बोलो. कौनसे डिपार्टमेंट से हो?"

चार रविवार मी त्यांच्याकडे जात होतो. घरी येताना शर्टावर पांढरी भुकटी असायची. तिसऱ्या रविवारी गिरिजाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझी कॉलर दिव्याखाली धरली आणि शांतपणे विचारलं, "ही कुठल्या कंपनीची पावडर लावते ती?" मी म्हणालो, संगमरवराची आहे. त्यावर ती जे हसली, तसं हसणं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. चौथ्या रविवारी ती माझ्याबरोबर आली. नाथाजींना मात्र बायकोला घेऊन आलेला माणूस पाहून प्रथमच विश्वास वाटला. सरकारी माणूस तपासणीला बायको आणत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

"ले जाओ," ते म्हणाले. "मैं भिजवा देता हूँ."

आणि त्यांनी भिजवलं! मार्चमधल्या एका मंगळवारी, मी कॉलेजात असताना, आमच्या फाटकात एक ट्रक उभा राहिला आणि त्याने आठ नव्हे, नव्वद पोती कंपाउंडमध्ये उतरवली. ज्या मालाची विल्हेवाट लावायला माणूस वर्षभर जागा शोधत होता, त्याला जागा सापडली होती. त्यात नाथाजींनी भुकटी भरायला जुनी पोती कुठल्यातरी बेकरीतून आणलेली. प्रत्येक पोत्यावर ठळक निळ्या अक्षरांत छापलेलं: मैदा.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा कंपाउंडमध्ये आख्खी सोसायटी उभी होती आणि मधोमध बबनराव.

बबनराव आमचे चेअरमन. कस्टम्समधून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं लोकांच्या बॅगा उघडून त्यांची अशी दृष्टी झाली होती की देवळात गेले तरी आधी देवाच्या पायाखाली काय आहे ते बघायचे. त्यांनी एका पोत्याला चाकूने बारीक छेद दिला होता आणि चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन ते हुंगत होते.

"पेडणेकर, हा मैदा नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहे. संगमरवराची पावडर आहे. फुकट मिळाली."

"फुकट." बबनरावांनी शब्द जिभेवर घोळवला. "फुकट माल कोण देतो, माहितेय? तो माल ज्याला स्वतःजवळ सापडायला नको असतो तो."

एवढं बोलून ते वर गेले. पण शब्द खालीच राहिला आणि रात्रीच्या जेवणाच्या आत तीन मजले चढला. पहिल्या मजल्यावर मत असं पडलं की पेडणेकर मैद्यात भेसळ करणाऱ्यांना सामील आहेत. दुसऱ्यावर असं, की मार्बलवाल्याने पेडणेकरांना काहीतरी दिलंय आणि आता सोसायटी त्याचा उकिरडा होणार. तिसऱ्यावर आम्ही राहत होतो, तिथे गिरिजा म्हणाली, "आठ सांगितली होतीस ना? मग नव्वद कशी? माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

आदल्या वर्षी मुंबईत स्फोट झाले होते. त्यानंतर बेवारस डबा दिसला तरी लोक रस्ता बदलत. तेव्हा नव्वद पोत्यांची बातमी चौकीपर्यंत कुणी पोचवली हे मी कधी शोधलं नाही. एक हवालदार आले. त्यांनी पोत्यांपासून दहा हात लांब उभं राहून विचारलं, "हे काय आहे?"

मी संगमरवर, सिमेंट, दहा टक्के असं सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण हे काय आहे?"

इथे माझी दुसरी चूक झाली. पावडर निरुपद्रवी आहे हे दाखवायला मी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

हवालदारांनी मला चौकीत नेऊन बाकावर बसवलं. अटक नव्हती, ते वारंवार सांगत होते. "काही होतंय का एवढंच बघायचंय." दीड तास मी बसलो आणि ते माझ्याकडे बघत बसले. अधूनमधून विचारायचे, "पोटात काही?" मी नाही म्हणायचो. शेवटी त्यांनी लिहून घेतलं की सदर इसमाने सदर पावडर पंचांसमक्ष चाखली, सदर इसमास काहीही झाले नाही. मला सोडलं. मी घरी आलो तर इमारतीत नवी बातमी तयार होती: पेडणेकरांना सवय आहे.

पावडर कायदेशीर आहे हे आता पोलिसांना मान्य होतं, पण रस्ता कायदेशीर आहे का, हा प्रश्न बबनरावांनी काढला. त्यासाठी मी बांधकाम परवानगीच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला.

"काँक्रीट म्हणजे बांधकाम. बांधकामाच्या साहित्याची पावती जोडा."

"पावती नाही. ते टाकाऊ आहे."

"टाकाऊ असेल तर तो राडारोडा झाला. राडारोडा सोसायटीत ठेवता येत नाही. उचला."

"पण मी तो वापरणार आहे."

"वापरणार असाल तर साहित्य झालं. पावती जोडा."

मी तीन वेळा या बाजूने गेलो, तीन वेळा त्या बाजूने आलो. शेवटी त्याला माझी दया आली असावी. अर्जातून 'पावडर' हा शब्द खोडून तो म्हणाला, "फाटक ते जिना, वाट सपाट करणे. असं लिहा. सपाट करायला परवानगी लागत नाही." मी आयुष्यात इतका उपयुक्त सल्ला फुकट घेतला नव्हता, आणि म्हणूनच घरी येईपर्यंत मला त्याचा संशय येत राहिला. तेव्हा लक्षात आलं की हा रोग मलाही लागलाय.

एप्रिल उजाडला. समुद्राकडून वारा सुटला आणि बबनरावांनी छेद दिलेल्या पोत्यातून पावडर उडायला लागली. वाळत घातलेले कपडे पांढरे, सायकली पांढऱ्या. हंसाबेननी मनगट मोडल्यानंतर पहिल्यांदाच पापड केले होते. ते गच्चीत वाळत होते. त्या वर्षीचे पापड दाताखाली करकरले. हंसाबेननी एका ताटलीत दोन पापड भाजून वर पाठवले आणि निरोप दिला, "टेस्ट करजो." मी खाल्ले. माझ्यासारखा मान खाली घालून पापड खाणारा माणूस त्या दिवशी ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल.

आता रस्ता झालाच पाहिजे होता. पण करणार कोण? गवंडी एकच माझ्या ओळखीचा होता, भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावचा निकोलस. बुटका, रुंद, आणि बोलण्यात थापीसारखा सपाट. पावडर हातात घेऊन त्याने नाक मुरडलं.

"सायब, तीस वरसां थापी मारतंय मी. सिमेंट काढून भुकटी घालाची? न्हाय. उद्या फुटला तर लोक तुमाला न्हाय बोलनार. बोलतील, निकोलसनं सिमेंट खाल्लान."

मी त्याला ठोकळ्यांचे आकडे सांगितले. आकडे ऐकून तो अधिकच घाबरला. शेवटी त्यानेच तोड काढली. त्याच्या बायकोला, गर्ट्रूडला, मागच्या अंगणात कपडे धुवायला ओटा हवा होता. तो पावडर घालून करू. टिकला तर रस्ता. "ती आपटते ना सायब, तिच्यापुढं तुमची मशीन काय न्हाय."

तो पोतं घेऊन गेला. मी अठ्ठावीस दिवस मोजले आणि मे महिन्यात डोंगरीची बस धरली. बबनराव साक्षीला बरोबर आले. साक्षीला, असं ते म्हणाले. मला वाटतं पंचनाम्याला.

गर्ट्रूडबाई आम्हाला पाहून खूश झाल्या नाहीत. दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुमीच काय ते पावडरवाले? या. बगा काय केलाव ते."

मी मनात म्हटलं, फुटला. मागे जाऊन पाहतो तर ओटा अखंड. निकोलसने हौसेने वरचा थर जास्तच पावडर घालून घोटला होता, त्यामुळे तो दुधासारखा चमकत होता.

"मग झालं काय?" बबनरावांनी विचारलं.

"झाला काय? सगला गाव बोलतंय, निकोलसनं कबरस्तानातली मार्बल चोरली! रविवारी मिसानंतर पाद्री मला विचारतान, गर्ट्रूड, तुज्या घरी मार्बलचा ओटा कसा आला? मी काय सांगू? नवऱ्यानं भुकटीचा केलाय? कोनाला पटंल?"

निकोलस कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडे बघत होता. पण बघता बघता त्याच्या मिशीखाली हसू फुटलं. तीस वर्षांत त्याच्या कामावर कुणी चोरीचा आळ घेण्याइतकं खूश झालं नव्हतं.

बबनरावांनी ओट्याला हात लावला. नखाने खरवडला. मग गर्ट्रूडबाईंकडून धुण्याचं दांडकं मागून घेतलं आणि धोतराचा सोगा खोचून, एकाहत्तराव्या वर्षी, दहा-बारा सणसणीत ठोके घातले. दांडकं चिरलं.

"हं," ते म्हणाले. आमच्या सरांसारखंच.

गर्ट्रूडबाईंनी नवं दांडकं मागितलं. ते मी दिलं. आणि पाद्रीसाहेबांना कॉलेजच्या कागदावर एक पत्रही लिहून दिलं की सदर ओटा हा काँक्रीटचा असून त्यात कोणत्याही मृत व्यक्तीचा संबंध नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रस्ता घातला. मी रजा घेऊन काँक्रीट कालवायच्या घाण्यापाशी खुर्ची टाकून बसलो. दर घाण्याला नऊ घमेली सिमेंट, एक घमेलं पावडर. दुपारी गिरिजाने जेवायला हाक मारली म्हणून मी वीस मिनिटं वर गेलो, आणि परत आलो तेव्हा निकोलस माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसला. झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. याने त्या वीस मिनिटांत पावडर बाजूला टाकून सगळं सिमेंटच घातलं असेल का? स्वतःचं नाव राखायला? मी विचारलं. तो दुखावल्यासारखा म्हणाला, "देवाची आन सायब." पण देवाची आण घेताना त्याने थापी खाली ठेवली नव्हती, आणि ती आण धरायची की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

रस्ता घातल्यावर तो रोज ओला ठेवावा लागतो. मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचो, गोणपाटं पसरायचो. या दिवसांत मी माणसांचं निरीक्षण फार केलं. जाणारा प्रत्येक जण रस्त्याला काहीतरी टोचून बघायचा. कुणी छत्रीचं टोक, कुणी किल्ली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभ्य गृहस्थाला मी चपलेच्या खिळ्याने कोपरा उकरताना पकडलं. तो म्हणाला, "चप्पल अडकली होती." एकदा मला एक ओरखडा दिसला आणि मी तीन दिवस हंसाबेनवर पाळत ठेवली. पापडांचा सूड असेल, अशी माझी समजूत. तो ओरखडा त्यांच्या गॅसच्या टाकीचा निघाला. मला स्वतःची लाज वाटली, पण पाळत ठेवायची सवय काही लगेच सुटली नाही.

पावसाळा आला आणि गेला. रस्त्याला तडा गेला नाही. कुणी काही बोललं नाही. माणसं चिखल नसल्याचं लवकर विसरतात. हंसाबेननी 'संभालके' म्हणणं कधी बंद केलं तेही मला कळलं नाही. उरलेली पोती निकोलस एकेक करून घेऊन गेला. डोंगरीत आता तीन घरांना मार्बलचे ओटे हवे होते. वर्ष संपत आलं तरी माझ्या रस्त्याबद्दल सोसायटीच्या सभेत एक शब्द नाही. मी आपला रोज तेवीस पावलं चालायचो आणि निकोलसच्या त्या हसण्याची आठवण यायची.

दिवाळीनंतर एका सकाळी पाणीखात्याचे मजूर पहारी घेऊन आले. नवी पाइपलाइन टाकायची होती आणि ती कुठून जाणार? तर आमच्या फाटकातून, बरोबर माझ्या रस्त्यातून. मी त्यांना अडवलं. वाट सपाट करण्याच्या अर्जाचा कागद दाखवला. त्यांनी मोठा कागद दाखवला. मी बाजूला झालो. घरी जाऊन दार लावून घ्यावं असं वाटत होतं, पण मी तिथेच उभा राहिलो. बावीस वर्षं दुसऱ्यांचं फोडलं, आता आपलं फुटताना बघ.

त्यांचा मुकादम धाकू. काळाकभिन्न, हातांत सुसरीसारखं बळ. "अर्ध्या तासाचं काम हाय," असं म्हणून त्याने पहिला घाव घातला. पहार उसळली. दुसरा घातला. बारीक ठिणगी उडाली. तासाभराने दोन बोटं खोल खड्डा झाला होता. दुपारपर्यंत एका पहारीचं टोक वाकलं. खिडक्यांत माणसं जमली. हंसाबेन खुर्ची घेऊन बाहेर बसल्या. प्रत्येक घावाला त्यांच्या तोंडून नकळत 'वाह' निघत होतं आणि त्या लगेच तोंडावर हात ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसरी पहार वाकल्यावर, धाकूने घाम पुसला आणि आभाळाकडे बघून ओरडला, "कुनी केलंय ह्ये? कोन हाय तो? आरं, वाट केलीया का किल्ला बांधलाय?"

 मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बोट दाखवतील आणि खर्चाची नोटीस माझ्या नावाने येईल. तेवढ्यात बबनराव जिन्याच्या पायरीवर आले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"आमच्या पेडणेकरांनी केलाय," ते म्हणाले.

'आमच्या'! एवढ्या वर्षांत मी इमारतीत 'ते तिसऱ्या मजल्यावरचे' होतो.  पण खरं सांगायचं तर ते कौतुक मला पचेना. मी बबनरावांना बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणालो, "एक सांगू का, मला खात्री नाही. मी जेवायला गेलो होतो तेव्हा निकोलसने गुपचूप सगळं सिमेंटच घातलं असेल. मग याच्यात माझं काय?"

बबनरावांनी माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं, ज्या नजरेने बत्तीस वर्षं ते बॅगांकडे बघत आले असतील.

"नाही घातलं. नऊ सिमेंट, एक पावडर. तुम्ही जेवायला गेलात तेव्हाही. मी दिवसभर गॅलरीत बसून मोजत होतो."

"तुम्ही? कशाला?"

"तुम्हाला पकडायला." त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. "सापडला नाहीत."

मी खाली वाकलो आणि धाकूच्या पायाशी पडलेला एक तुकडा उचलला. मुठीएवढा होता, कडेने करडा, आत बारीक पांढरा. दुसऱ्या दिवशी तो मी कॉलेजात नेला. यंत्रात घालायचा असा विचार होता. पण यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो आणि तसाच परत पिशवीत ठेवला.